त्रेचाळीस अध्यायांची पोथी

आमच्या घरात कुणाची आठवण सांगायची वेळ आली की ते काम माझ्याकडे येतं, कारण बाकीच्यांना कामं असतात. बारशापासून बाराव्यापर्यंत मी कुठंही बोलायला उभा राहतो आणि चहा थंड होईपर्यंत बोलतो, अशी माझी ख्याती आहे. इंदूआत्याच्या तेराव्याला मात्र मी बोललो नाही. लोकांना वाटलं, दुःख झालंय. दुःख होतंच, पण त्याहून जास्त भीती होती. ही गोष्ट सांगायला घेतली तर तिच्यात मी कुठं उभा होतो, तेही सांगावं लागलं असतं.

इंदूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. बोर्लीपंचतनपासून थोडं आत, खाडीच्या अंगाला आमचं गाव आहे. तिथं एका खोलीत पोस्ट चालायचं आणि ते आत्या चालवायची. गावातले पुरुष मुंबईला, बायका भातखाचरात, आणि वाचता येणारं माणूस एक. त्यामुळे पत्र आलं की ते द्यायचं काम आत्याचं आणि वाचून दाखवायचंही तिचंच. पत्र वाचताना ती चेहरा असा कोरा ठेवायची, की आत लग्न आहे की मरण, हे तिच्याकडे बघून कळायचं नाही.

एकदा गावातल्या सखूच्या नवऱ्याचं पत्र आलं. मुंबईत दुसरं घर केलंय, आता येणार नाही, असं होतं त्यात. दोन ओळी ऐकल्या आणि सखूला अंदाज आला. ती म्हणाली, "इंदूबाय, जरा चांगलं करून वाचा ना."

"लिवलंय तसंच वाचणार," आत्या म्हणाली. "चांगलं पायजे असंल तर त्याला चांगलं लिवाया सांग."

आणि खालच्या "कळावे" पर्यंत तिनं ते अक्षर न अक्षर वाचलं. मग पोस्टाचं दार ओढून घेतलं आणि तिन्हीसांजेपर्यंत सखूच्या शेजारी बसून राहिली. त्या दिवशी टपालाची पिशवी गेली नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत तेवढा एकच दिवस.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर आत्या पोथ्या वाचायला लागली, म्हणजे लोकांच्या घरी. कुणाचं दुखणं, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कुणाची होडी नीट जावी म्हणून मागणं. संकल्प त्यांचा, आवाज आत्याचा. तिचे नियम पोस्टासारखेच होते. ओळ गाळायची नाही, पान उलटताना दोन पानं एकदम जात नाहीत ना हे बोट ओलं करून बघायचं, आणि पारायण उठेपर्यंत, म्हणजे पुरं होईपर्यंत, वाचणाऱ्यानं गावाची वेस ओलांडायची नाही. हा शेवटचा नियम आमच्याकडं जुना आहे. बाकीचे वाचणारे वेशीपलीकडं किराणा आणायला जाऊन यायचे आणि देवाला चालायचं. आत्याला चालत नव्हतं.

आता माझा प्रवेश. मी पनवेलला एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. बी.ए.ला माझा तत्त्वज्ञान विषय होता, कारण त्याचे सर वर्गावर क्वचितच यायचे आणि मला ते सोयीचं होतं. पण घरात तेवढ्यावर माझी प्रतिष्ठा आहे. दोन दिवाळ्यांमागं मी नवा टॅब घेतला आणि जुना आत्याला दिला. तिच्या डोळ्यांना साखरेच्या दुखण्यानं त्रास द्यायला सुरुवात केली होती, छापील अक्षर दिसेना. टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं, हे मी मोठ्या ऐटीत दाखवलं. मग रिकामा टॅब काय द्यायचा, म्हणून त्यात एक फाईल राहू दिली. कुणा हौशी मंडळींनी जगभरच्या थोर तत्त्वज्ञांच्या ग्रंथांची जुनी मराठी भाषांतरं गोळा करून एकत्र बांधली होती, फुकट. ती मी स्वतः उघडली नव्हती. माझ्या टॅबवर ती तीन वर्षं होती, एवढाच आमचा संबंध.

"काय हाय ह्यात?" आत्यानं विचारलं.

"जगातल्या सगळ्यात शहाण्या माणसांनी आयुष्यभर विचार करून जे लिहिलं, ते सगळं," मी म्हणालो. असं बोलायला मला आवडतं.

आत्यानं अनुक्रमणिका उघडायला लावली आणि बोट ठेवून मोजली. त्रेचाळीस नावं. "त्रेचाळीस अध्याय," ती म्हणाली. "म्हंजे सप्ताहात बसतील."

मी हो म्हणालो. त्या एका "हो"बद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. ते त्रेचाळीस अध्याय नव्हते, त्रेचाळीस ग्रंथ होते. कागदाचे असते तर बैलगाडी लागली असती. पोथी हातात घेतली की तिचं वजन माणसाला सांगतं, किती दिवस लागणार ते. टॅबचं वजन आधी होतं तेवढंच होतं.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी आत्यानं चौरंग मांडला, टॅब सोवळ्याच्या वस्त्रात गुंडाळून त्यावर ठेवला, तळहातावर पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं. ही पोथी अथपासून इतिपर्यंत वाचीन, तोवर वेस ओलांडणार नाही. कशासाठी, असं कमळकाकीनं विचारलं. कमळकाकी म्हणजे शेजारीण, आत्याची जन्माची मैत्रीण आणि जन्माची टीकाकार. आत्या म्हणाली, "आजवर दुसऱ्यांच्या मागण्यांसाठी वाचलं. ही माझ्यासाठी."

त्याच्या दोनच दिवस आधी खाडीच्या खडकांवर कालवं काढताना तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला शिंपला लागला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाचून पोटात ठेवलेली बाई. स्वतःचं एक ठेवायला तिला काय जड होतं?

पहिल्या रविवारी मी गेलो तेव्हा ओसरीवर बारा-पंधरा बायका बसल्या होत्या आणि धूप घातला होता. टॅबच्या काचेवर आत्यानं हळद-कुंकू लावलं होतं. अक्षतेचा दाणा पडला की पान आपोआप उलटायचं, मग सगळ्यांनी मिळून परत मागचं पान शोधायचं. पोथीतला एक कोणी परदेशी माणूस पानामागून पान विचारत होता, की समोरची भिंत खरोखर आहे कशावरून? आत्या पोथीच्याच चालीवर वाचत होती आणि बायका पोथीच्याच श्रद्धेनं ऐकत होत्या.

कमळकाकी म्हणाली, "भित हाय का न्हाय हेच ठाव नसंल, तं दर वर्साला सारवायची कशाला?"

"आयक गो," आत्या म्हणाली.

"आयकतंय. पन मला सांग, ह्यो मानूस सकाळधरनं खुर्चीत बसून इचार करतोय. ह्याला जेवान कोन घालतंय? तिचं नाव हाय का कुठं?"

सगळ्या हसल्या. आत्याही गालात हसली, पण बोट ओळीवरून हललं नाही. मी कोपऱ्यात बसून हे सगळं फोनवर टिपत होतो, पनवेलला मित्रांना सांगायला. धूप जरा जास्तच वाटला, पण मला वाटलं, नवी पोथी आहे, उत्साह असेल.

सप्ताह संपायच्या दिवशी मी फोन केला. "उठलं का पारायण?"

"पयला अध्याय चाललाय," आत्या म्हणाली. "खाली रेघ हाय ना, तिच्यावरचा ठिपका. तो हलत न्हाय रं सुरेश."

दुपारी स्टोअरमध्ये बसून मी हिशेब केला. तिनं अक्षर केलं होतं अंगठ्याएवढं, एका पानावर चार ओळी. त्या वेगानं पोथी संपायला वर्षाच्या वर लागत होतं. मला हसू आवरेना. घरी येऊन बायकोला सांगितलं. सुनंदा हसली नाही. तिनं विळी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे वर्षभर आत्याबाई वेस ओलांडणार नाहीत. आणि डॉक्टरची गरज पडली तर?"

"पडेल कशाला?"

"साखरवाल्या माणसाला पडते," ती म्हणाली आणि परत भाजी चिरायला लागली.

दुसऱ्या रविवारी मी गेलो. गल्लीच्या तोंडापासूनच धूप जाणवत होता. ओसरीवर धूर इतका, की आत्या दिसण्याआधी तिचा आवाज आला. बायका निम्म्या झाल्या होत्या आणि ज्या होत्या त्या दाराशी सरकून बसल्या होत्या. आत्याच्या आणि त्यांच्या मध्ये चार हात रिकामी जागा होती. आत्या मांडी न घालता बसली होती, डावा पाय चौरंगाखाली लांब केलेला आणि त्यावर घोंगडी टाकलेली. दारात शेजाऱ्याचं कुत्रं येऊन उभं राहिलं, नाक वर केलं, आणि आत न येता तिथंच बसलं. कमळकाकीनं त्याला तीनदा हाकललं. तीनदा ते परत आलं.

वाचन थांबल्यावर काकीनं मला मागच्या पडवीत ओढलं. तिच्या तोंडावर आज चेष्टा नव्हती. "धूप कशापायी घालतीया, कळतंय का तुला? पाय बघ तिचा."

मी घोंगडी काढली. आत्यानं अडवलं नाही, पत्र वाचताना करायची तसा चेहरा केला. अंगठा जांभळा नव्हता, काळा होता, करवंटीसारखा. त्याच्या वर पावलापर्यंत लाली चढत होती आणि त्या लालीला काठ होता, भरतीच्या पाण्याला असतो तसा.

"दुखत नाही?"

"न्हाय. म्हनूनच काय नसंल असं वाटलं."

बोर्लीचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले. त्यांनी पाय बघितला, मग मला अंगणात नेलं. "आज माणगाव, तिथून लगेच मुंबई. आज अंगठा देऊन सुटाल. आठवड्यानं पाय मागेल. त्यापुढं मी बोलत नाही." आत जाऊन त्यांनी हेच आत्याला सांगितलं, काही न गाळता. आत्याला ते आवडलं असावं. तिनं त्यांना गूळ-पाणी दिलं आणि म्हणाली, "पारायण उठलं की येते."

मग मी माझं सगळं ज्ञान पणाला लावलं. म्हणालो, "आत्या, ह्याच पोथीत पुढं लिहिलंय की परंपरा डोळे मिटून मानू नका, शंका घ्या."

"कितव्या अध्यायात?"

मी अंदाजानं म्हणालो, "असेल विसाव्या-बाविसाव्या."

"तो आला की बघू," आत्या म्हणाली.

तिला उचलून न्यायला हवं होतं, असं आता सगळं घर म्हणतं. मीही म्हणतो. पण तेव्हा आम्ही तिच्यासमोर उभे होतो आणि ती आमच्याकडं बघत होती. त्या नजरेपुढं तिच्या काखेत हात घालायला कुणी धजलं नाही. काकी एवढंच म्हणाली, "बांधून न्हेली, तं वाटंत जीभ चावंल ती."

मी पनवेलला परत आलो आणि मला युक्ती सुचली. मला सुचलेल्या युक्त्यांचा इतिहास चांगला नाही, हे सुनंदानं तेव्हाही सांगितलं. ऑफिसात कॉम्प्युटर बघणारी एक हुशार मुलगी आहे. तिच्याकडून ती फाईल कापून घेतली. नावं त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ठेवली, पण पहिला सोडून प्रत्येक ग्रंथाची सुरुवातीची तीन-चार पानं तेवढी राखली. बाकी उडवलं. बुधवारी रजा टाकून गावी गेलो आणि चार्जिंगच्या निमित्तानं टॅबमध्ये फाईल बदलली. आत्या पहिल्या अध्यायाच्या ज्या पानावर होती, त्याच्यापुढं मी दुसरा अध्याय आणून ठेवला.

गुरुवारी सकाळी चमत्कार झाला. ठिपका पळायला लागला. दुसरा अध्याय झाला, तिसरा झाला, दहा वाजेपर्यंत अकरावा. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी माणगावच्या डॉक्टरांना संध्याकाळची वेळही विचारून ठेवली. बाहेर एका इको गाडीवाल्याला थांबवून ठेवलं.

अकरावा अध्याय संपला आणि आत्या थांबली. एक पान मागं गेली, परत पुढं आली.

"सुरेश."

"काय आत्या?"

"हा मानूस म्हनतो, मरनाला न भिण्याची तीन कारनं सांगतो. दोन सांगितली. तिसरं कुठं हाय?"

मी म्हणालो, विसरला असेल.

"एवढा इचार करनारा मानूस तिसरं इसरंल?" तिनं टॅब खाली ठेवला. बायका उठायला लागल्या, कुणी न सांगता. सगळ्या गेल्यावर आत्या मला हळू आवाजात म्हणाली, "पोष्टात इतकी वर्सं होते. पाकीट वाफेवर धरून उघडलं असंल, तं मला हाताला कळायचं. तू माझं पाकीट फोडलंस."

मी रडलो. बावन्न वर्षांचा माणूस, चष्मा काढून. मग सगळी फाईल परत भरली. आत्यानं ती उघडली, पहिल्या पानावर आली आणि पुन्हा तळहातावर पाणी घेतलं.

"आत्या, निदान जिथं होतीस तिथून..."

"त्या आधीचं काय-काय काढलंस, मला कसं कळावं?" ती म्हणाली. "पयल्यापासून."

मी आधीचं काही काढलं नव्हतं, शपथ घ्यायला तयार होतो. पण माझ्या शपथेचा भाव त्या सकाळी पडला होता. ठिपका रेघेच्या सुरुवातीला जाऊन बसला. इतके दिवस ती वेशीच्या आत होती, ते सगळे फुकट गेले, आणि ते मी घालवले.

मी रजा वाढवली आणि तिथंच राहिलो. त्या पाच दिवसांत लाली घोट्यावर चढली. डॉक्टर रोज सकाळी येऊन इंजेक्शन द्यायचे आणि जाताना माझ्याकडं बघायचे नाहीत. गावातल्या बायका यायच्या थांबल्या. तेवढी कमळकाकी यायची, पदर नाकाला लावून आत्याच्या अगदी जवळ बसायची. बाकी ऐकायला ते कुत्रं आणि मी. आत्याचा आवाज चढत होता. ताप होता, पण ऐकणाऱ्याला वाटावं की रंग भरलाय.

सहाव्या सकाळी ती वाचत होती. भिंत खरोखर आहे कशावरून. पान संपलं. तिनं काचेवर बोट फिरवलं आणि परत सुरुवात केली. भिंत खरोखर आहे कशावरून. मला वाटलं, ग्रंथच तसा असेल. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा काकीनं पदर खाली घेतला.

"इंदू, हे पान झालं."

"न्हाय."

"झालं गो. तीनदा झालं."

आत्यानं टॅब डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. तिचा चेहरा कोरा राहिला नाही, आणि तो तसा मी पहिल्यांदाच बघितला. मग ती म्हणाली, "म्हंजे गाळलंही असंल."

"तेवढं न्हाय मला समजत," काकी म्हणाली. "पन आसन रिकामं पडलं न्हाय म्हंजे झालं. वाचनारा बदलला तं चालतं, पयल्याला वेस मोकळी. तूच सांगायचीस. रक्ताचा असावा आन् उठू नये."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. ज्याच्यावर कुणी साधं रजिस्टर टपाल सोपवू नये, अशा माणसाकडं बघावं तसं. "गाळशील," ती म्हणाली.

"नाही गाळणार."

"मी येईपर्यंत वेस ओलांडशील."

"नाही."

तिनं माझ्या हातावर पाणी सोडलं. तिचा हात तव्यासारखा तापला होता.

आत्या परत आली नाही. मुंबईत गुडघ्याखालचा पाय काढला, पण तोवर विष वर गेलं होतं. नवव्या दिवशी सुनंदाचा फोन आला. शेवटी तिच्याजवळ सुनंदा होती, मी नव्हतो. मी वेशीच्या आत बसून एका मेलेल्या माणसाचं म्हणणं चार-चार ओळींनी वाचत होतो आणि कमळकाकी समोर बसून एकटी ऐकत होती. सुतकात पारायण होत नाही, म्हणून पोथी मिटली. पहिला अध्यायसुद्धा पुरा झाला नव्हता. पुढं ती मी अथपासून इतिपर्यंत वाचून काढली, असं सांगितलं तर गोष्टीला शोभा येईल. पण मी हात लावलेला नाही. लावायची हिंमत होत नाही.

तिला मी शेवटचं बघितलं ते असं. त्याच सहाव्या सकाळचे साडेनऊ झाले असतील. अंगणात इको उभी, मधलं दार सरकवलेलं. काकीनं आणि तिच्या सुनांनी आत्याला खुर्चीसकट उचललं आणि सीटवर आडवं बसवलं. मी आसनावर होतो, उठायचं नव्हतं. खिडकीच्या गजांतून मला तेवढंच दार दिसत होतं आणि त्यात आत्याची पाठ आणि विस्कटलेला अंबाडा. मी मोठ्यानं वाचत होतो. द्रव्य म्हणजे काय आणि गुण म्हणजे काय, असं काहीतरी चाललं होतं. एक अक्षर कळत नव्हतं.

ड्रायव्हरनं चावी फिरवली. आत्या म्हणाली, "थांब."

मला वाटलं, काही राहिलं. डॉक्टर मोटारसायकलवर पाय टेकून घड्याळ बघत होते. काकी ओरडली, "आता कशाला गो?" आत्यानं हात वर केला. ती ऐकत होती. मी ज्या वाक्यात होतो ते संपत नव्हतं. चार ओळी झाल्या, पान उलटलं, पुढच्या चार ओळी झाल्या. जे, ज्यामुळे, जर, तथापि. मी घाई करायला लागलो, तर माझाच आवाज फाटायला लागला, म्हणून परत हळू झालो. गाडी नुसती थरथरत उभी होती. तिसऱ्या पानाच्या मध्याला कुठंतरी ते वाक्य एकदाचं संपलं.

आत्यानं ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला. "आता चल," ती म्हणाली.

मी पुढचं वाक्य सुरू केलं.